खूण पुसली, माप उरले : शोषित समाजांतर्गत साचेबंद प्रतिमांविषयी

१

शोषित समाजांविषयी वरच्या समाजाने घडविलेल्या साचेबंद प्रतिमांची चर्चा मराठी समीक्षेत विपुल झाली आहे. लोककथांतील, म्हणींतील, नाटकांतील आणि मध्यमवर्गीय कादंबरीतील दलित पात्रांचे चित्रण किती एकांगी होते, हे दाखविणारे प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सहज मिळतात. हे काम आवश्यक होते व ते अजूनही संपलेले नाही. परंतु या प्रतिमा शोषित समाजाच्या आत कशा उतरतात, तेथे कोणत्या रूपाने टिकून राहतात आणि त्यांचा भार शेवटी कोणाच्या माथी येतो, या प्रश्नाकडे आपण फारसे वळलेलो नाही. विषय नाजूक आहे. तो चुकीच्या हातात पडला तर त्याचा दुरुपयोग होईल, ही भीतीही खोटी नाही. तथापि, दलित आत्मकथनांचे अध्यापन करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न फार काळ बाजूला ठेवता येणार नाही, असे माझे मत आहे.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सामाजिक सुधारणेच्या चळवळीने अपमानाच्या अनेक खुणा पुसून टाकल्या. त्या पुसणे न्याय्य होते, अपरिहार्यही होते. पण माणसाला खुणेवरून मोजण्याची जी सवय जातिव्यवस्थेने सर्वांनाच लावली होती, ती त्याबरोबर गेली नाही. ती आत वळली आणि स्त्रिया, अधिक गरीब माणसे व शेजारची शोषित जात यांना तिने मोजावयास घेतले. आत्मकथनकारांनी हे निर्भयपणे लिहून ठेवले आहे. आपल्या अध्यापनाने मात्र नेमका हाच भाग गाळला आहे.

२

या विषयाचा विचार महाडपासून करणे मला सयुक्तिक वाटते. महाड तालुक्यातील वीर हे गाव आज कोकण रेल्वेच्या प्रवाशांना ठाऊक आहे. १९९३ मध्ये रोहा ते वीर हा या मार्गाचा उत्तरेकडील पहिला टप्पा सुरू झाला. वीरच्या पंचक्रोशीतील दासगाव हे रामचंद्र बाबाजी मोरे यांचे गाव. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या उभारणीत मोरे यांचा वाटा मोठा होता. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली व पाणी प्याली. पुढे सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद भरली आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. हा सर्व इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो.

त्याच डिसेंबरात, परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी एक भाषण केले. त्याचा उल्लेख मात्र उत्तरपत्रिकांत क्वचितच आढळतो. लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा, गळाभर घातलेले दागिने, हातभर चढविलेले कथलाचे वा चांदीचे अलंकार यांवरून अस्पृश्य स्त्री दुरूनच ओळखली जाई. या ओळखीच्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असावे, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नये, मुलींना शिकवावे, हाही त्या उपदेशाचा भाग होता. स्त्रियांनी हा विचार तत्काळ आचरणात आणला. चळवळीत सहभागी झालेल्या सवर्ण कुटुंबांतील स्त्रियांनी त्यांना नव्या पद्धतीचे नेसणे दाखविले.

या प्रसंगाचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. ज्या व्यवस्थेत वस्त्राची लांबी आणि दागिन्याचा धातूसुद्धा जातीने ठरत असे, त्या व्यवस्थेत घोट्यापर्यंत लुगडे नेसणे ही कृती तळ्याचे पाणी पिण्याइतकीच धाडसाची होती. बाबासाहेबांचा हेतू सवर्णांच्या अनुकरणाचा नव्हता. खुणेवरून माणूस ओळखला जाऊ नये, एवढाच तो होता. परंतु उपदेश ज्या समाजात उतरतो तेथे आधीच रूढ असलेल्या मापांतून तो जातो. काल जी खूण साऱ्या समाजावर होती, ती आज ज्या स्त्रीने टाकली नाही तिच्या एकटीवर उरते. नवे लुगडे घेण्याची ऐपत नसलेली, गावकीच्या कामातून न सुटलेली किंवा केवळ सवयीने जुने नेसणारी स्त्री आता आपल्याच वस्तीत ‘न सुधारलेली’ ठरू शकते. तिच्याविषयी वापरण्यात येणारी विशेषणे मात्र नवी नसतात. घाणेरडी, अडाणी, निर्लज्ज हे शब्द पूर्वी साऱ्या वस्तीला बाहेरून लावले जात. आता वस्तीतलीच माणसे ते एकमेकांना लावू लागतात.

३

हे का घडते? शोषितांनी शोषकांचे दोष उचलले, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. या घडण्यामागे निदान तीन कारणे दिसतात.

पहिले कारण जातिव्यवस्थेच्या रचनेत आहे. १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात बाबासाहेबांनी जातींच्या श्रेणीबद्धतेचे जे विश्लेषण केले, त्याचा मथितार्थ असा की, येथे प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी असते आणि म्हणून प्रत्येकाला काही ना काही गमावण्याची भीती असते. ज्याला जमीन, विद्या व सत्ता यांपैकी काहीच मिळत नाही, त्यालाही कोणाला तरी कमी लेखण्याचा अधिकार मात्र व्यवस्था देऊ करते. महारांच्या साडेबारा पोटजाती सांगण्याची जुनी परंपरा आणि मुंबईच्या चाळींतही टिकून राहिलेला कोकणातले व देशावरचे हा भेद, यांतून त्या अधिकाराचा वापर दिसतो. रायगड जिल्ह्यातील कातकऱ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ब्रिटिश काळातील नोंदींत त्यांचे ‘सोन’ व ‘ढोर’ असे विभाग आढळतात. गोमांस न खाणारे ते सोन कातकरी आणि खाणारे ते ढोर कातकरी. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या, काथ व कोळसा करून जगणाऱ्या, सर्वांनीच हीन मानलेल्या समाजातही सोने आणि ढोर अशी वर्गवारी झाली आणि तिचे माप वरच्या जातींच्या आहारनियमांतून आले. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या शासकीय यादीत ही दोन्ही नावे आजही आहेत.

दुसरे कारण स्तुतीचे आहे. साचेबंद प्रतिमा नेहमी निंदेचीच असते असे नाही. महाडजवळील रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी १८८८ च्या ‘विटाळ विध्वंसन’ या लेखनातून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच आव्हान दिले. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्धच्या अर्जाचे कामही त्यांनी हाती घेतले. त्या काळच्या अशा अर्जांत पूर्वीचे क्षत्रियत्व, पराक्रम आणि इमान यांचा आधार घेतला जाई. दुसरा मार्गही नव्हता, कारण सरकार माणसांना लढाऊ व बिनलढाऊ अशा जातींत मोजत होते. अर्ज करणाऱ्याला सरकारच्याच मापात बसून दाखवावे लागे. त्या अर्जांचे ऋण आपण विसरू नये. तरीही ‘शूर आणि इमानी’ ही प्रतिमा समाजाच्या आत स्थिरावली की, जो शूर नाही, जो घाबरतो, जो मुकाट्याने सोसतो, त्याला आपल्या माणसांत जागा राहत नाही. स्त्रीला तर या प्रतिमेत वीरमाता किंवा वीरपत्नी होण्यापलीकडे जागा उरत नाही. स्तुतीने बांधलेली चौकट मोडणे निंदेच्या चौकटीहून अवघड असते, कारण तिच्यात राहणाऱ्याला ती आपली वाटते.

तिसरे कारण भाषेचे आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाला ते सर्वांत जवळचे आहे. शोषितांना वेगळी भाषा मिळालेली नाही. ज्या म्हणींनी त्यांना हिणविले त्याच म्हणी त्यांच्याही बोलण्यात आहेत. फक्त त्या म्हणीतली जात बदलते. ‘अक्करमाशी’ हा शब्द पाहा. तो सोनाराच्या तराजूतून आला आहे. तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर वजनात खोट. सुवर्णाची शुद्धता मोजण्याची परिभाषा माणसाच्या जन्माला लावली गेली आणि ती वरच्या जातीपुरती राहिली नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या आत्मकथनाचा नायक सवर्ण पाटलाचा अनौरस मुलगा म्हणून गावात उपरा आहे. महारवाड्यातही तो पूर्ण बारा माशांचा ठरत नाही. ज्यांना साऱ्या गावाने अशुद्ध ठरविले होते, त्यांच्याही हाती तोच तराजू होता. लिंबाळ्यांनी या शब्दालाच पुस्तकाचे शीर्षक केले, यामागचा अर्थ आपण पुरेसा ध्यानात घेतलेला नाही.

४

आत्मकथनांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांतील कितीतरी पाने वेगळी दिसू लागतात. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८० च्या दशकात प्रथम ‘स्त्री’ मासिकातून व नंतर ग्रंथरूपाने आले. गावकीचा जुलूम त्यात आहेच. त्याच्या जोडीने सासूने सुनेचा केलेला छळही आहे आणि घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही म्हणून वाढणारी घराण्याची प्रतिष्ठाही आहे. लेखिकेच्या वडिलांनी तिच्या आईला घरात कोंडल्यासारखे ठेवले, कारण वरच्या घराण्यांची ती रीत होती. ज्या वस्तीतील स्त्रियांना पोटासाठी रानोमाळ हिंडणे भाग होते, तेथे न हिंडणारी स्त्री ही इभ्रतीची खूण झाली. उरलेल्या साऱ्या कष्टकरी स्त्रिया आपोआप त्या इभ्रतीच्या बाहेर पडल्या. हे लेखन बेबीताईंनी पतीपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले होते. या एका गोष्टीतून त्या काळाविषयी पुष्कळ समजते.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) नायक संशयावरून पत्नीला, सईला, अंतरतो. जातीच्या अपमानाने आयुष्यभर पोळलेल्या या माणसाच्या मनात स्त्रीच्या चारित्र्याविषयी तोच जुना, सर्व जातींना सामाईक असलेला साचा आहे. त्याच्या निवेदनात स्वतःविषयीची निर्दयता आहे आणि ‘बलुतं’चे मोठेपण बऱ्याच अंशी तीत आहे. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) आपल्या कोकणातले. बांबूच्या टोपल्या विणणारी आई त्यात आहे, मुलांना शिकविण्याचा ध्यास घेतलेले वडील आहेत आणि पत्नीच्या एम. ए.च्या शिक्षणाने व सार्वजनिक कामाने अस्वस्थ होणारा, स्वतः शिकलेला पतीही आहे. त्यापूर्वी १९८९ मध्ये उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या शीर्षकातील ‘ही’ हे अव्यय कोणाला उद्देशून आहे, याचा विचार व्हावयास हवा. इतिहासातून स्त्रियांना वगळणारे सगळेच बाहेरचे नव्हते. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आपल्या इंग्रजी निबंधात हेच मांडले. सवर्ण जी वागणूक दलितांना देतात, तिच्यासारखीच वागणूक दलित पुरुष दलित स्त्रियांना देतात आणि त्यांच्या साहित्यालाही दुय्यम लेखतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

असा अनुभव केवळ आपल्या समाजाचा नाही. टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीत जेराल्डीन नावाची एक कृष्णवर्णीय गृहिणी आहे. तिचे घर झगझगीत, केस चापूनचोपून बसविलेले, बोलणे मोजके. आपण आणि ‘तसले’ काळे लोक यांतील फरक ती मुलाला शिकविते. कळकट कपड्यांतली, तिच्याच वर्णाची एक लहान मुलगी घरात दिसताच ती तिला हाकलून देते. महाडच्या भाषणातील स्वच्छतेचा उपदेश आणि जेराल्डीनची स्वच्छता या एक गोष्टी नव्हेत. पहिलीतून आत्मसन्मान जागा होतो, दुसरीतून तिरस्कार. पण पहिलीतून दुसरी केव्हा निघते, हे ओळखण्याची दृष्टी आपल्या अभ्यासकांना मिळाली पाहिजे.

५

ती मिळत नाही, याचे कारण आपली अध्यापनाची पद्धत आहे. वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी दलित साहित्याच्या आरंभकाळी मोलाची होती. आता ती प्रश्नपत्रिकेचा साचा बनली आहे. ‘अमुक आत्मकथनातील वेदना व विद्रोह स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की, विद्यार्थी वेदनेची पाच आणि विद्रोहाची पाच उदाहरणे देतो. सई, बेबीताईंची आई, महारवाड्यात अकरा माशांचा ठरलेला मुलगा यांपैकी कोणीही त्या दोन रकान्यांत नीट बसत नाही, म्हणून ती उत्तरातून गळतात. सवर्णांच्या साचेबंद प्रतिमांविरुद्ध उभे राहिलेले साहित्य आपण अशा रीतीने एका नव्या साच्यात घालतो. सतत सोसणारा किंवा सतत पेटलेला, एवढाच दलित माणूस त्यात उरतो. हाही एक ठोकळाच आहे आणि तो आपण वर्गात घडविला आहे.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. शोषितांच्या आतील पूर्वग्रहांची चर्चा केल्यास ‘पाहा, तेही तसेच वागतात’ असे म्हणून सवर्ण वाचक मोकळा होईल, असा तो आक्षेप आहे. असे म्हणणारे वाचक आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु तराजू कोणी घडविला आणि तो शतकानुशतके कोणाच्या हाती होता, हा प्रश्न या चर्चेने पुसला जात नाही. उलट तो अधिक तीव्र होतो. जी व्यवस्था आपल्या बळींनाही एकमेकांना मोजावयास लावते, तिच्या अपराधाचे माप केवळ उघड जुलमाने पूर्ण होत नाही. शिवाय ही पाने लेखकांनी स्वतः लिहिली आहेत, आपल्या माणसांचा रोष पत्करून लिहिली आहेत. अध्यापक कोणत्याही समाजातून आलेला असो, त्याने ती संकोचाने गाळणे म्हणजे त्या लेखकांपेक्षा त्यांचे हित आपल्याला अधिक कळते, असे मानणे होय.

हा प्रश्न केवळ साहित्याचाही राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली. त्या निर्णयाच्या गुणदोषांविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात व ते येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यावरील वादात ‘हे सगळे गिळून बसले’ आणि ‘त्यांना शिकायचेच नसते’ ही दोन वाक्ये आपण सर्वांनी ऐकली असतील. दोन्ही वाक्ये जुनी आहेत आणि दोन्ही मूळची तिसऱ्याच कोणाची आहेत. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने मांग आणि महार या दोघांच्या दुःखाविषयी एकत्र लिहिले होते. तिचे वय तेव्हा अवघे चौदा वर्षांचे होते. तिला जे जोडता आले ते आपल्या पदव्युत्तर वर्गांना जोडता येत नसेल, तर दोष अभ्यासक्रमाचाही आहे.

आमच्या भागातील विद्यार्थ्यांच्या लेखनात कातकऱ्यांविषयी ‘व्यसनी’, ‘उद्याचा विचार न करणारे’ ही विशेषणे सहजपणे येतात. ती लिहिणाऱ्यांत स्वतः अन्याय सोसलेल्या घरांतील मुलेमुलीही असतात. वीटभट्टीवर आगाऊ उचल घेऊन साऱ्या कुटुंबाने हंगामभर राबावयाचे आणि पावसाळ्यात पुन्हा कर्ज काढावयाचे, या चक्रात उद्याचा विचार कोणत्या भांडवलावर करावयाचा, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो पडावा यासाठी त्यांना उपदेश करण्याचे कारण नाही. त्यांच्या आजोबांविषयी हीच विशेषणे कोण, कधी आणि का वापरीत असे, एवढे त्यांना शोधावयास लावले तरी पुरे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. पदव्युत्तर वर्गात महाडच्या स्त्रियांच्या सभेचा वृत्तान्त, ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ एकत्र वाचावे. त्यांच्या जोडीस माधव कोंडविलकर यांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ घ्यावे, म्हणजे कोकणातील चर्मकार कुटुंबाच्या नजरेतून तोच समाज दिसेल. प्रत्येक उताऱ्यापाशी वेदना कोठे आहे याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : येथे कोण कोणाला मोजत आहे आणि माप कोणाचे आहे? महाड व पोलादपूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी आपल्या आज्यांना त्यांच्या नेसण्याविषयी, दागिन्यांविषयी आणि कोणाच्या घरचे पाणी चालत नसे याविषयी विचारून ते शब्दशः लिहून घ्यावे. १९२७ चा तो दिवस ज्यांनी आपल्या आयांकडून ऐकला, त्या पिढीतील स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. काही विभागांनी हे काम एका वर्षासाठी जरी प्रकल्प म्हणून स्वीकारले, तरी आपल्या हाती असे साधन येईल जे आज कोणत्याही ग्रंथालयात नाही.